नकाशातील वाट आणि जमिनीखालील वाट : मुंबई उपनगरांतील वायुवाहिन्यांच्या नकाशांचा इतिहास व जाळ्याच्या मागोव्यातील दोष

गोषवारा

शहरी वायुवितरणात गळती झाल्यास कोणता व्हॉल्व्ह बंद करावयाचा, याचा निर्णय आज संगणकीय नकाशातील जाळ्याचा माग काढून घेतला जातो. हा मागोवा काही वेळा अर्ध्यावर थांबतो, तर काही वेळा नको तेथवर जातो. अशा दोषांकडे सामान्यतः तांत्रिक बिघाड म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरांच्या, विशेषतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या परिसराच्या संदर्भात असे प्रतिपादन केले आहे की, या दोषांपैकी बरेचसे ऐतिहासिक आहेत. भूमापन, नोंद आणि बांधकाम यांचे वेगवेगळे कालखंड जेथे एकमेकांस भिडतात, त्या सांध्यांवर ते आढळतात. म्हणून त्यांचे निवारण करताना नोंदीचा इतिहास वाचणे आवश्यक ठरते.

बीजसंज्ञा : वायुवाहिनी, भौगोलिक माहिती प्रणाली, जाळ्याचा मागोवा, मुंबई उपनगरे, भूमापन, नागरी सुरक्षितता.

१. प्रस्तावना

रस्त्याखालील वायुवाहिनी कोणाला दिसत नाही. ती जेथे आहे असे नकाशा सांगतो, तेथेच ती आहे असे मानून नगराचा दैनंदिन व्यवहार चालतो. हा विश्वास सार्थ आहे की नाही, याची कसोटी गळतीच्या वेळी लागते. खोदकामात वाहिनी फुटल्यावर घटनास्थळी आलेल्या पथकापुढे पहिला प्रश्न असतो तो गॅस कोठून येत आहे आणि तो थांबविण्यासाठी कोणकोणते व्हॉल्व्ह बंद करावे लागतील, हा. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर त्या विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या स्मरणात असे. आज ते भौगोलिक माहिती प्रणालीत शोधले जाते. फुटलेल्या जागेवर खूण केली की संगणक तेथून वाहिनीच्या प्रत्येक फाट्याने पुढे सरकतो आणि वाटेत भेटणारे व्हॉल्व्ह दाखवितो. संगणकीय परिभाषेत ज्याला नेटवर्क ट्रेसिंग म्हणतात, त्यासाठी प्रस्तुत लेखात ‘मागोवा’ ही संज्ञा वापरली आहे.

मागोवा चुकला म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी दोन शक्यता लक्षात घ्याव्या लागतात. मागोवा लवकर थांबला तर एखादा आवश्यक व्हॉल्व्ह यादीतून सुटतो, आणि पुरवठा बंद झाला असे नकाशावर दिसत असताना खड्ड्यातून गॅस येतच राहतो. मागोवा गरजेपेक्षा पुढे गेला तर विनाकारण शेकडो घरांचा पुरवठा तोडला जातो. ही दुसरी चूक केवळ गैरसोयीची नाही. अचानक बंद झालेला गॅस पुन्हा सुरू होताना एखाद्या घरात शेगडीची कळ उघडीच राहिली असेल, तर ज्योतीविना गॅस स्वयंपाकघरात साचतो. त्यामुळे बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे या दोन्ही क्रियांमध्ये माणसांचे प्राण गुंतलेले असतात.

२. बेटावरील दिवे आणि साष्टीतील गावे

मुंबईत वायुवाहिन्यांचा इतिहास दिवाबत्तीपासून सुरू होतो. १८६२ मध्ये बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली आणि १८६५ मध्ये शहरातील काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. हा वायू दगडी कोळशापासून तयार केला जाई. त्याच सुमारास, १८६५ ते १८७२ या काळात, कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली मुंबई शहराचे तपशीलवार भूमापन झाले. वाहिन्या आणि नकाशे यांचा शहरातील जन्म असा जवळपास एकाच वेळी झाला.

कोळशाच्या वायूत बाष्प असे. ते थंड होऊन वाहिनीच्या सखल भागांत पाण्याच्या रूपाने साचे आणि हातपंपाने काढून टाकावे लागे. १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका वेतनविषयक दाव्यात बॉम्बे गॅस कंपनीच्या सायफन पंप विभागातील कामगार पक्षकार होते. या विभागाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकास बरेच काही सांगून जाते. वाहिनीचा सखल भाग कोठे आहे, हे ज्याला रोज पाणी उपसावे लागते त्यास ठाऊक असणारच. जाळ्याचे ज्ञान कागदाइतकेच माणसांच्या पायांत व हातांत साठविलेले होते. कोळशाच्या वायूचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपुष्टात आला, आणि अशा ज्ञानाचा वारसा पुढच्या जाळ्याकडे आला नाही.

उपनगरांची कथा याहून भिन्न आहे. गॅसचे दिवे शहरात लागले तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही साष्टी बेटावरील, ठाणे जिल्ह्यातील गावे होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द प्रथम वाढविण्यात आली आणि १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत नेण्यात आली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

या गावांचे मूळ नकाशे शेतसाऱ्यासाठी तयार झाले होते. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीचे एकक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. साऱ्याच्या आकारणीत बांध हात-दीड हात इकडे-तिकडे झाल्याने फारसे बिघडत नसे. पुढे याच जमिनींवर सोसायट्या, कारखाने व रस्ते उभे राहिले आणि गावनकाशांची जागा सिटी सर्व्हेच्या पत्रकांनी घेतली. तथापि, जमीन कोणाची हे ठरविणारा नकाशा आणि जमिनीखाली काय कोणाशी जोडलेले आहे हे सांगणारा नकाशा, यांची गरज मुळातच वेगळी असते. पहिल्यास सीमा हव्या असतात, दुसऱ्यास जोड हवे असतात. उपनगरांतील वायुवाहिन्यांच्या वाट्यास जो पायाभूत नकाशा आला, तो सीमांचा होता.

३. नव्या जाळ्याची उभारणी

मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल व वायूचा साठा सापडला. या बॉम्बे हाय क्षेत्रातील वायू उरण येथे किनाऱ्यावर येऊ लागला. मे १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि घरगुती, व्यापारी व वाहनांसाठीच्या नैसर्गिक वायूच्या वितरणाचे नवे जाळे आकारास येऊ लागले. वडाळा येथील नगरप्रवेश केंद्र हे या जाळ्याचे एक मुख्य मुख ठरले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या वाहनधुराविषयक जनहित याचिकेतून व्ही. एम. लाल समिती नेमली गेली. त्यानंतर जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर नेण्याच्या आदेशांमुळे या इंधनाची मागणी वाढली. आज मुंबई, ठाणे व रायगड या क्षेत्रांत मिळून वीस लाखांहून अधिक घरांत वाहिनीने गॅस पोहोचतो.

उपनगरांचा भूगोल लांबट आहे. पश्चिमेस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वस्ती लोहमार्ग व द्रुतगती महामार्गांच्या कडेने पसरली. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्व-पश्चिम जोडरस्ते मोजकेच आहेत, उदाहरणार्थ अंधेरी-घाटकोपर आणि जोगेश्वरी-विक्रोळी. अशा भूमीवर रस्त्यांच्या आधाराने टाकलेले कोणतेही जाळे एका वेळी पूर्ण होत नाही. ते टप्प्याटप्प्याने, विभागवार, वेगवेगळ्या कंत्राटांतून वाढते, आणि एका दिशेने आलेली वाहिनी पुढे कधी तरी दुसऱ्या दिशेने आलेल्या वाहिनीस जोडली जाते.

या वाढीच्या काळातच स्थाननिश्चितीचे साधन बदलत होते. उपग्रहाधारित जी.पी.एस. प्रणालीतील हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. तोपर्यंत साध्या उपकरणाने मिळणारे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. त्यामुळे त्या काळी वाहिनीची नोंद करण्याची व्यवहार्य रीत म्हणजे जवळच्या स्थिर वस्तूपासूनचे अंतर मोजणे : इमारतीच्या कोपऱ्यापासून इतके, कुंपणाच्या भिंतीपासून इतके, खोली इतकी. काम पूर्ण झाल्यावर केल्या जाणाऱ्या या चित्रास अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग म्हणतात. पुढे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्य वापरासाठी जागतिक संदर्भप्रणालीवर आधारित नकाशांची स्वतंत्र मालिका मान्य केली. एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले जुने भारतीय नकाशे आणि नवी जागतिक प्रणाली यांत एकाच स्थळाचे अक्षांश-रेखांश सारखे नसतात. योग्य रूपांतर न करता दोन्ही एकत्र ठेवल्यास एकच रस्ता दोन जागी दिसतो.

त्याच वेळी मोजणीचे आधारही नाहीसे होत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद झाली आणि त्यांचा वापर उपनगरांत मोठ्या प्रमाणावर झाला. जानेवारी २००९ मध्ये राज्य शासनाने सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाबाबत कलम ७९-अ अन्वये निर्देश दिले. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. ज्या कोपऱ्यापासून वाहिनीचे अंतर लिहून ठेवले होते, तो कोपराच राहिला नाही. नोंदीतील आकडा बरोबर होता, पण तो कोणापासून मोजावयाचा हे सांगणारी वस्तू गेली.

४. मागोव्याची कल्पना : पुलांपासून संगणकापर्यंत

जाळ्याकडे अंतरांऐवजी जोडांच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा १७३६ पासून मानली जाते. कोनिग्सबर्ग येथील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर देताना लिओनहार्ड ऑयलर यांनी पुलांची लांबी व दिशा बाजूला ठेवली आणि कोणता भूभाग कोणाशी जोडला आहे एवढेच पाहिले. वायुवाहिनीच्या मागोव्याचे मूळ याच दृष्टीत आहे. १९५९ मध्ये एडवर्ड मूर यांनी भूलभुलैयातून सर्वांत लहान वाट काढण्याची जी रीत मांडली, ती आजही ओळखीची वाटते. एका बिंदूपासून निघावे, लगतचे सर्व बिंदू गाठावे, मग त्यांच्या लगतचे, आणि जेथे आधी जाऊन आलो तेथे पुन्हा जाऊ नये.

नकाशाच्या क्षेत्रात ही दृष्टी आणण्याचा एक महत्त्वाचा टप्पा अमेरिकी जनगणना विभागाने गाठला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या विभागाने रस्त्यांचे नकाशे संगणकात भरताना प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना कोणते बिंदू आहेत, हे स्वतंत्रपणे नोंदविण्याची पद्धत विकसित केली. रेषा काढणे आणि रेषा जोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे स्पष्टपणे मान्य झाले. पुढे वाहिन्या, विजेच्या तारा व दूरध्वनी यांच्या नकाशांसाठीच्या संगणकीय प्रणाली याच पायावर उभ्या राहिल्या.

तथापि, जगभर बहुतेक संस्थांनी आधी रेखाचित्रे संगणकावर काढली आणि ती जोडांच्या नोंदींत बदलण्याचे काम नंतर केले. रेखाचित्र डोळ्यासाठी असते. दोन रेषांची टोके तीन सेंटिमीटर दूर राहिली, तरी छापील कागदावर त्या जोडलेल्याच दिसतात आणि वाचणारा अभियंता ती फट मनात भरून काढतो. संगणक ती भरून काढत नाही. मागोव्यातील अनेक दोषांचा उगम या स्थित्यंतरात आहे.

५. दोषांचे प्रकार

मागोवा चुकण्याची कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

पहिले कारण फटीचे. दोन वाहिन्यांची टोके नोंदीत एकाच बिंदूवर आलेली नसतात. दोन पत्रकांच्या कडा, दोन कंत्राटांच्या हद्दी किंवा वेगवेगळ्या वर्षांची कामे जेथे मिळतात, तेथे हा दोष उद्भवण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

दुसरे कारण खोट्या जोडाचे. एका रस्त्याखाली दोन वाहिन्या वेगवेगळ्या खोलीवरून एकमेकींस छेदून जातात, पण सपाट नकाशावर त्या एका बिंदूत मिळतात. फटी मिटविण्यासाठी संगणकास ‘अमुक अंतरातील टोके सांध’ अशी आज्ञा दिली, तर ती मर्यादा मोठी ठेवल्यास शेजारून जाणाऱ्या वाहिन्याही सांधल्या जातात. एका दोषावरचा उपाय अशा रीतीने दुसरा दोष निर्माण करतो.

तिसरे कारण दाबाच्या पातळ्यांचे. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००८ च्या तांत्रिक मानकांनुसार नगरवितरणाचे जाळे दाबानुसार तीन स्तरांत विभागले जाते : ७ बारहून अधिक दाबाचे प्राथमिक, १०० मिलिबार ते ७ बार दरम्यानचे दुय्यम, आणि १०० मिलिबारहून कमी दाबाचे तृतीयक. स्तर बदलतो तेथे दाबनियंत्रक असतो. नोंदीत तो केवळ एक चिन्ह म्हणून काढला असेल आणि जाळ्याचा घटक म्हणून नसेल, तर मागोवा एका स्तरातून दुसऱ्यात बेलाशक निघून जातो किंवा तेथेच अडतो.

चौथे कारण स्थितीचे. व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, तात्पुरती वळणवाहिनी काढली की नाही, जुनी वाहिनी निकामी करून जमिनीतच सोडली आहे काय, या गोष्टी रेषेवरून कळत नाहीत. मेट्रोसारख्या कामांत भूमिगत सेवा हलवाव्या लागतात, तेव्हा हा प्रश्न तीव्र होतो. घाटकोपर ते वर्सोवा ही पहिली मेट्रो मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली. अंधेरी व दहिसर यांना जोडणाऱ्या दोन मार्गिका २०२२ व २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या. अशा प्रत्येक कामानंतर बदललेली वाट जितक्या विलंबाने नोंदली जाईल, तितका काळ नकाशा भूतकाळात राहतो.

पाचवे कारण प्रत्यक्ष पडताळणीच्या अडचणीचे. दुय्यम व तृतीयक स्तरांत प्रामुख्याने पॉलिएथिलीनच्या नळ्या असतात. त्या गंजत नाहीत, हा मोठा लाभ आहे. परंतु धातूची वाहिनी शोधणारे विद्युतचुंबकीय उपकरण त्यांच्याबाबतीत निरुपयोगी ठरते. नळीसोबत तार टाकलेली नसेल, तर भूभेदी रडार वापरावे लागते किंवा खड्डा घ्यावा लागतो.

६. दोषनिवारणाची रीत आणि तिची मर्यादा

दोष शोधण्याची एक सोपी व विश्वसनीय कसोटी आहे. सर्व पुरवठास्थानांपासून मागोवा सुरू करावा आणि जेथपर्यंत तो पोहोचत नाही, अशा ग्राहकांची यादी काढावी. ज्या घरात रोज सकाळी चहा होतो, त्या घरापर्यंत नकाशातील गॅस पोहोचत नसेल, तर चूक नकाशाची आहे. मागोवा जेथे थांबला, तेथील शेवटचा बिंदू आणि पोरक्या ठरलेल्या ग्राहकांपासून उलट काढलेल्या मागोव्याचा शेवटचा बिंदू, या दोहोंच्या मध्ये फट सापडते. देयकांची यादी येथे नकाशाची साक्षीदार ठरते.

परंतु ही कसोटी सर्व दोष पकडू शकत नाही. समजा, मुलुंडमधील एका गल्लीत दोन्ही टोकांनी पुरवठा येतो. पूर्वेच्या टोकास एक व्हॉल्व्ह आहे, पश्चिमेच्या टोकास दुसरा. गल्लीचा पूर्व भाग आधी टाकला गेला, पश्चिम भाग काही वर्षांनी, आणि जेथे दोन्ही मिळाले तेथे नोंदीत चार सेंटिमीटरची फट राहिली. आता सर्व ग्राहकांपर्यंत मागोवा पोहोचतो, कारण पूर्वेची घरे पूर्वेकडून आणि पश्चिमेची पश्चिमेकडून गाठली जातात. कोणीही पोरके ठरत नाही आणि नकाशा निर्दोष दिसतो. अशा स्थितीत पूर्व भागात वाहिनी फुटली, तर संगणक फक्त पूर्वेचा व्हॉल्व्ह बंद करावयास सांगेल. पथक तो बंद करील, पण पश्चिमेकडून येणारा गॅस वाहतच राहील.

या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पुरवठा अखंड राहावा म्हणून जाळ्यात जितके वेढे ठेवले जातात, तितके नोंदीतील दोष मूक होतात. एकेरी शाखेतील फट बोलते, वेढ्यातील फट बोलत नाही. आणि वेढे बहुधा नंतरच्या काळात, आधीच्या दोन टप्प्यांना जोडून पूर्ण केले जातात. म्हणजे नोंद जेथे कच्ची राहण्याचा संभव अधिक, तेथेच ती कसोटीला सहज सापडत नाही. खोट्या जोडाचेही असेच आहे. त्यामुळे कोणी पोरके होत नाही, उलट सर्वजण अधिकच जोडलेले दिसतात.

अशा मूक दोषांसाठी दुसरी रीत अवलंबावी लागते. प्रत्येक वाहिनीच्या नोंदीत ती टाकल्याचे वर्ष, मूळ पत्रकाचा क्रमांक व मोजणीची पद्धत लिहिलेली असेल, तर दोन भिन्न वर्षांच्या वा पत्रकांच्या वाहिन्या जेथे भेटतात, त्या जागांची वेगळी यादी काढता येते. या सांध्यांची तपासणी प्रथम करावी. नकाशावर एका ठिकाणी व्हॉल्व्ह बंद आहेत असे मानून काढलेला निष्कर्ष आणि प्रत्यक्ष दाबमापकाचे आकडे यांची तुलना करावी. जेथे विसंगती आढळेल, तेथे खड्डा घेऊन पाहावे. इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत नवी वाटू नये. साधनाची विश्वसनीयता ठरविताना ते कोणी, केव्हा व कशासाठी तयार केले हे विचारावयाचे, हाच नियम येथे वाहिनीच्या नोंदीस लावावयाचा आहे.

७. अलीकडील प्रसंग

या विवेचनाचे गांभीर्य काही अलीकडील घटनांवरून लक्षात येते. १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घाटकोपर, पवई, चेंबूर, अंधेरी अशा दूरदूरच्या भागांतून गॅसच्या वासाच्या तक्रारी एकाच वेळी येऊ लागल्या. जून २०२० मध्ये पूर्व उपनगरांत पुन्हा तसाच अनुभव आला. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळले जाते. ही प्रथा अमेरिकेतील न्यू लंडन येथे मार्च १९३७ मध्ये एका शाळेत झालेल्या भीषण स्फोटानंतर सार्वत्रिक झाली. पण वास वाऱ्याबरोबर जातो, वाहिनीबरोबर नाही. तक्रारींचे ठिकाण आणि जाळ्यातील ठिकाण यांचा मेळ घालण्यासाठी, तसेच वास आपल्या जाळ्यातून नाही असे खात्रीने म्हणण्यासाठीही, जाळ्याची विश्वसनीय नोंद हाच आधार असतो.

मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेतील शेर-ए-पंजाब वसाहतीच्या परिसरात रस्त्यावरील खोदकामात वायुवाहिनीस धक्का बसून रात्री आग भडकली. काही जण भाजले आणि वाहने जळाली. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या आवारात मुख्य पुरवठावाहिनीस हानी पोहोचली. वडाळ्याच्या नगरप्रवेश केंद्राकडे येणारा प्रवाह त्यामुळे बाधित झाला आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईत सी.एन.जी. पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. त्या वेळी घरगुती पुरवठ्यास प्राधान्य देण्यात आले. पहिल्या घटनेत प्रश्न एका गल्लीचा होता, दुसऱ्या घटनेत संपूर्ण जाळ्याच्या मुखाचा. कोणता भाग कोणत्या मुखावर अवलंबून आहे, हे दोन्ही ठिकाणी जाणून घ्यावे लागते.

नोंदीतील चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे मिळते. ९ सप्टेंबर २०१० रोजी तेथील वस्तीखालील वाहिनी फुटून आठ जण मृत्युमुखी पडले. राष्ट्रीय चौकशी मंडळास आढळले की, नोंदीत सांधेविरहित म्हणून लिहिलेली नळी प्रत्यक्षात सदोष जोड असलेली होती, आणि गॅसचा प्रवाह थांबविण्यास ९५ मिनिटे लागली. संगणकात भरलेली जुनी नोंद केवळ संगणकात आल्यामुळे खरी ठरत नाही, हा या चौकशीचा एक बोध होय.

भारतात खोदकामापूर्वी संबंधित संस्थांना कळविण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. मात्र ती खोदणाऱ्यास जे सांगते, ते शेवटी वाहिनीच्या नोंदीवरच अवलंबून असते.

८. निष्कर्ष

मुंबई उपनगरांतील वायुवाहिन्यांचे जाळे वयाने लहान असले, तरी त्याच्या नोंदींत अनेक काळ एकत्र नांदत आहेत. शेतसाऱ्याच्या मोजणीतून आलेल्या सीमा, इमारतींच्या कोपऱ्यांपासून मोजलेली अंतरे, डोळ्यासाठी काढलेली रेखाचित्रे आणि उपग्रहाने निश्चित केलेली स्थाने, हे सर्व संगणकाच्या पडद्यावर एकाच जाडीच्या रेषेत दिसते. मागोवा जेथे अडतो वा भरकटतो, तेथे बहुधा या काळांपैकी दोन काळ एकमेकांस नीट जुळलेले नसतात.

यावरून तीन गोष्टी सुचविता येतात. पहिली, वाहिनीच्या प्रत्येक नोंदीसोबत तिचा उगम, वर्ष व मोजणीची पद्धत जतन व्हावी. संगणकीकरणानंतर मूळ पत्रके अडगळ समजून टाकून देऊ नयेत. दुसरी, वेढ्यांमधील मूक दोषांसाठी पोरक्या ग्राहकांच्या कसोटीवर समाधान न मानता सांध्यांची प्रत्यक्ष तपासणी व्हावी. तिसरी, क्षेत्रात काम केलेल्या व निवृत्त होत असलेल्या कर्मचाऱ्यांचे ज्ञान वेळीच नोंदवून घ्यावे. सायफन पंपावरील कामगारांस जे ठाऊक होते, ते त्यांच्याबरोबर गेले. नव्या जाळ्याच्या पहिल्या पिढीबाबत तसे होऊ देणे परवडणारे नाही.

महाविद्यालयीन स्तरावर इतिहास, भूगोल व संगणकशास्त्र हे विषय वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. वाहिनी फुटलेल्या रस्त्यावर मात्र ते एकाच प्रश्नात एकत्र येतात. त्या प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागते, आणि ते बरोबर येण्यासाठीची तयारी अनेक वर्षे आधी, नोंद करणाऱ्याच्या टेबलावर झालेली असावी लागते.